फळीवाल्या बाई

आमच्या फळीवाल्या बाई कधी खाली बसत नसत. दौंडहून शिरूरला येताना एसटी निम्मी रिकामी असली तरी त्या एका हाताने दांडा धरून उभ्या असायच्या आणि दुसऱ्या हाताने फळी सांभाळायच्या. कुणी भल्या माणसाने "बसा की बाई, जागा हाय," म्हटलं की त्या म्हणत, "माझी पोरं आठवडाभर बसूनच असतात. त्यांच्या वाटणीचं थोडं मी उभी राहते." समोरच्याला यातलं काही कळत नसे. मला मात्र चांगलं कळायचं, कारण त्या पोरांतली एक मी होते.

घरात आंधळं मूल असलं की लोक पहिल्यांदा काय करतात ठाऊक आहे? त्याला बसवतात. तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या घरात माझी जागा ठरलेली होती, धान्याच्या कोठीशेजारी. पाहुणे आले, बस. आई आठवडी बाजाराला निघाली, बस. भावंडं खेळायला गेली, तू बस, पडशील. दहा वर्षांची होईपर्यंत मी इतकी बसले की पळणं म्हणजे काय, हे मला फक्त दुसऱ्यांच्या पायांच्या आवाजावरून माहीत होतं. मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. सगळे मायेनंच वागले, आणि त्या मायेचा मला आजही राग येतो.

शिरूरच्या एका शाळेत आमच्यासारख्यांसाठी शनिवारचा वर्ग निघाला तेव्हा वडिलांनी मला तिथे नेऊन सोडलं. मला वाटलं, इथे ठिपक्यांची लिपी शिकवतील आणि पुन्हा एखाद्या कोपऱ्यात बसवतील. पण दारातच एक खरखरीत, कोमट हात माझ्या हाताखाली आला. धरला नाही, नुसता खाली येऊन थांबला. "माझा हात खाली, तुझा वर. नको वाटेल तेव्हा काढून घ्यायचा. मला विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. मी लगेच काढून घेतला, खरं बोलतात का ते बघायला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हां, ही नाचणार."

फळी म्हणजे चार फुटांचं प्लायवूड. खालच्या बाजूने कडेला लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, त्यामुळे मधे पोकळी राहायची. दौंडच्या एका सुताराकडून त्यांनी ती करून घेतली होती. नाच शिकायला त्या फळीवर अनवाणी उभं राहायचं. बाई टाच आपटायच्या आणि तो ठोका तळव्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, थेट छातीपर्यंत चढत जायचा. पुढे वर्गात अशा चार फळ्या झाल्या, पण एक कायम त्यांच्या काखेत असायची, कारण ज्यांना आईबाप वर्गात पाठवत नसत त्यांच्या घरी त्या जायच्या. एकदा कंडक्टरने फळीचं सामान म्हणून तिकीट काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, गुरुजी फळा घेऊन चढले असते तर त्याचंही तिकीट घेतलं असतं का?" कंडक्टर म्हणाला, "व्हय, घेतलं असतं." बाईंना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी मुकाट्यानं तिकीट काढलं आणि वर्गात येऊन आम्हाला सांगितलं, "आज एक सरळ माणूस भेटला."

वर्गात त्यांचं एक म्हणणं होतं: "चुकायचं तर ठणठणीत चुका." हळूच, घाबरत टाकलेलं पाऊल त्यांना चालत नसे. मी पहिल्यांदा गिरकी घेतली ती भिंतीवर आदळले. कपाळाला टेंगूळ आलं. दुसरं कुणी असतं तर "अगं बाई, लागलं का" करत मला खाली बसवलं असतं. बाईंनी माझ्या हाताखाली हात दिला, भिंतीपर्यंत नेलं, ती मला वरपासून खालपर्यंत चाचपायला लावली आणि म्हणाल्या, "भिंत समजली? आता परत घे गिरकी." टेंगूळ चांगलं आठवडाभर टिकलं. मी घरी सगळ्यांना हात लावायला देत होते.

आणखी एक. ज्याला हात लावलेला नाही ते नाचायचं नाही, असा त्यांचा नियम होता. संमेलनासाठी शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेने आमच्याकरता मोराचा नाच सुचवला. पिसारा वगैरे त्या आणणार होत्या. बाई म्हणाल्या, "यातल्या कुणी मोर चाचपलाय? तुम्हाला दिसणाऱ्या मोराची नक्कल यांनी का करायची? यांना ठाऊक आहे ते यांच्याकडे रग्गड आहे." मग त्यांनी आम्हा प्रत्येकाला विचारलं, तुझ्या अंगाला काय माहीत आहे? एकाने पिठाच्या गिरणीचा पट्टा सांगितला. मी उसाच्या फडातून चालताना दोन्ही बाजूंनी घासणारी पाती सांगितली. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक मुलगा म्हणाला, गाडी फलाटात शिरायच्या आधी आमच्या घराची फरशी हलते. त्याचा त्यांनी नाच करून घेतला. मी आयुष्यात कधी रेल्वेत बसले नव्हते, पण त्या दिवशी फळीवरून गाडी माझ्या पायाखालून गेली.

राणी आली ती मी बारा वर्षांची असताना. ती सात वर्षांची होती, न्हावऱ्याची. जन्मापासून तिला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. तिचे वडील, बापू, कांदा आणि ऊस करायचे, दारात दोन म्हशी होत्या. बाई तिच्या घरी पहिल्यांदा गेल्या तेव्हाची गोष्ट राणीच्या आईने मला नंतर कितीतरी वेळा सांगितली. बापूंनी पाणी दिलं, चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आडनाव काय म्हनायचं बाई?" बाई म्हणाल्या, "दौंडला बुद्धविहारामागं घर आहे आमचं. समजलं ना? आता पोरीला बाहेर आणा." बापू ओशाळले. "तसं न्हाई वो, आपलं इचारलं." बाई म्हणाल्या, "विचारा की. मला हात लावून शिकवावं लागतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं."

याबद्दल मी मोठी झाल्यावर बाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीला लोक सांगायचे, लांब उभी राहा. माझ्या नोकरीत हात लावणं हेच काम आहे. मी परवानगी मागते, नाही असं नाही. पण ती पोराची मागते, बापाची नाही." हे सांगताना त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. माझाच श्वास फुलला होता.

बापूंचं दुसरं वाक्य मात्र पक्कं होतं आणि ते त्यांनी पुढे वर्षानुवर्षं सोडलं नाही. "बाई, तुमी येता, लई बरं वाटतं. पर तिला काय उमजतंय?" गावही हेच म्हणायचं. राणी दिवसभर ओट्यावर डोलत बसायची, कुणी अचानक उचललं की चावायची. तिला न्हाऊ घालायचं तर दोघं लागायचे. मला यात काही आश्चर्य वाटलं नाही. तुम्हाला कुणीही, कधीही, न सांगता उचललं तर तुम्ही काय कराल? मीही चावले असते.

बाईंनी तिला उचललं नाही. ओट्यावर फळी ठेवली आणि तिच्यावर बोटांनी दोनदा ठोकलं. राणी डोलायची थांबली. बस्स, त्या दिवशी तेवढंच. पुढच्या वेळी पुन्हा दोन ठोके. असं कितीतरी आठवडे चाललं. मग एके दिवशी राणीने फळीला गाल लावला आणि तळहाताने एकदा थाप मारली. बाईंनीही एकदाच मारली. राणीने दोनदा मारली. बाईंनी दोनदा. त्या सांगायच्या, "नंतर अर्धा तास आम्ही नुसत्या गप्पा मारल्या." राणीच्या आईच्या विनवणीला मान देऊन बापूंनी तिला शनिवारच्या वर्गात पाठवायला सुरुवात केली. जाण्यायेण्याची जीप आणि तिच्यासोबत एक मदतनीस, अशी सोय तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडून मिळाली.

राणीच्या अंगाला काय माहीत आहे, हे विचारायला तिला भाषा नव्हती. ते बाईंनी शोधून काढलं. ती घरातून नाहीशी झाली की गोठ्यात सापडायची, रवंथ करत बसलेल्या म्हशीच्या पोटाला पाठ लावून. म्हशीचा श्वास तिची पाठ वर-खाली करायचा. आमचा नाच त्यातूनच निघाला. सगळ्यांनी पाठीला पाठ, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एकाच्या श्वासाबरोबर दुसऱ्याने फुगायचं, मग त्यातून एकेक जण सुटून फळीवर आपलं पाऊल टाकायचं आणि परत येऊन टेकायचं. नाव ठेवलं ‘गोठा’. मोराचा नाच सुचवणाऱ्या शिक्षिका आमच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

संमेलनात हा नाच झाला आणि एक अजब प्रकार घडला. प्रत्येक वळणाआधी आम्ही अकराच्या अकरा जणांनी डावा खांदा वर उडवून छातीवरून काहीतरी सारखं केलं. मुलांनीही. हाफ पँट घातलेल्या मुलांनीही! आधी समोरून खुसखुस ऐकू आली, मग चांगलाच हशा. आम्हाला कळेना, चुकलं काय? चुकलं काहीच नव्हतं. आम्ही नाच शिकलो होतो तो बाईंच्या पाठीमागे उभं राहून, त्यांच्या खांद्यांवर आणि दंडांवर हात ठेवून. आणि बाईंना वळायच्या आधी पदर सावरायची सवय होती. आम्हाला वाटलं, तेही पाऊलच. आम्ही ते इमानेइतबारे पाठ केलं होतं.

बाईंना हे तिथेच पहिल्यांदा समजलं. पडद्यामागे येऊन त्या इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. "अगं तळेगाव, तू तरी विचारायचंस!" त्या मला गावाच्या नावानेच हाक मारायच्या. मी म्हटलं, "मला काय माहीत? मला वाटलं म्हशीला माशा बसल्यात." त्यावर त्यांची उचकी दुप्पट झाली.

तेवढ्यात त्या शिक्षण कार्यालयातून पाहणीला आलेले साहेब आत आले. छान, छान, कौतुक आहे, वगैरे झालं. मग म्हणाले, "पण ती छोटी, दिसत नाही आणि ऐकूही येत नाही तिला. ती नुसतीच यांच्यात उभी होती. तिच्यावर जीप, मदतनीस, एवढं सगळं... तिला कितपत समजतं? काहीतरी करायला लावा तिला, बघू." बाईंची उचकी बंद झाली. "ती माकड नाही साहेब, करून दाखवायला. तुम्हाला तिला काही विचारायचं असेल तर बूट काढा, फळीवर बसा, हात तिच्या हाताखाली धरा आणि ती येईपर्यंत थांबा. थांबायला वेळ लागेल." साहेबांना वेळ नव्हता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, राणी माझ्या शेजारी होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता. माझ्याबरोबर तिचाही उडाला, प्रत्येक वेळी. तिला कुणी ढकललं नाही." ज्या चुकीवर सगळे हसले होते तीच राणी शिकत असल्याची पावती होती, आणि बारा वर्षांच्या मला ते सांगताना आनंदाने रडू येत होतं. साहेब म्हणाले, "बाळ, नक्कल करणं म्हणजे शिकणं नव्हे." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग साहेबी तुम्ही कुठून शिकलात?"

महिनाभरात कागद आला. या मुलीला वर्गाचा लाभ होत नाही, सबब नाव कमी करण्यात येत आहे. जीप बंद, मदतनीस बंद. बाईंनाही समज देण्यात आली की कामाच्या दिवशी न्हावऱ्याला जायचं कारण उरलेलं नाही. बाईंनी तो कागद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. मी विचारलं, "आता?" त्या म्हणाल्या, "आता काय? रविवार त्यांच्या बापाचा नाही."

आणि त्या रविवारी जायला लागल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते दोन महिने सोडले तर फारसा खंड पडला नाही. निवृत्त झाल्यावरही जात राहिल्या. राणीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, कुठल्या अहवालात या रविवारांची ओळ नव्हती. ओट्यावर पोचल्या की बाई दोनदा ठोकायच्या आणि राणी घरात असेल तिथून भिंतीला हात लावत पळत यायची. हो, पळत. पुढे पुढे तर रविवारी उजाडल्यापासूनच ओट्यावर येऊन बसायची. ती स्वतः न्हायला लागली, स्वतः जेवायला लागली, कांदे चाचपून लहानमोठे वेगळे करायला लागली, म्हशीची धार काढायला लागली. दर रविवारी दोघी नाचायच्या. मी शिरूरला बँकेत लागल्यावर अधूनमधून जायचे आणि त्यांच्या पाठीला हात लावून बघायचे. राणी स्वतः नवी पावलं काढायची. बाई म्हणायच्या, "आता मी तिच्याकडून शिकते." बापू चहा आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमच्यामुळं लई सुधारली बाई. पर खरं सांगा, आतमधनं तिला काय उमजतंय का?" मला त्यांच्या हातातला कप हिसकावून घ्यावासा वाटायचा. बाई नुसतं म्हणायच्या, "चहात साखर जास्त झाली बापू."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका शुक्रवारी सकाळी बाईंच्या मुलाचा फोन आला. रात्री झोपेतच गेल्या होत्या. दुपारी चारला नेणार होते. मी बँकेच्या जिन्यात उभी राहून रडले आणि मग बापूंना फोन लावला. "राणीला घेऊन दौंडला यायचंय. मी न्हावऱ्याला उतरते."

"अगं पोरी, मी येतो की. तिला कशाला? गर्दीत घाबरंल. आन् तिला काय सांगनार हायेस तू?"

"बापू, परवा रविवार आहे. बाई यायच्या नाहीत. ती ओट्यावर ठोके मारत वाट बघणार. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. किती रविवार बसवणार आहात तिला तसं?"

बापू एकदा खाकरले. मग म्हणाले, "जीप सांगतो."

बाईंच्या घरात बायका रडत होत्या. मेणबत्त्यांचा आणि अगरबत्तीचा वास होता. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. बाईंना कोऱ्या वस्त्रात जमिनीवर निजवलं होतं. मी राणीला जवळ नेलं तशी एक म्हातारी मावशी म्हणाली, "पाया पडा आन् बाजूला व्हा बाळांनो. तिला नका लई जवळ नेऊ, काय तरी हिसका मारंल." मी म्हटलं, "मावशी, तुम्ही लांबून बघू शकता. आम्हाला बघायला हात लावावा लागतो. आम्हाला बघू द्या." बाईंचा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या त्यांना."

माझा हात राणीच्या पाठीवर होता, त्यामुळे पुढचं मला नीट कळलं. तिने बाईंचा हात ओळखला आणि आपला त्याखाली दिला. थांबली. गार, जड हात तसाच राहिला. तिने बाईंचं कपाळ चाचपलं, गाल, नाक, ओठ. मग दोन्ही हात कसे ठेवलेत ते चाचपलं, पाय कसे जोडलेत ते चाचपलं. आणि ती तिथेच, बाईंच्या शेजारी, फरशीवर आडवी झाली. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. मी तिच्या बरगडीवरचा हात काढला नाही. तिने पाय जोडले, हात तसेच ठेवले, मान तशीच केली. बाईंकडून ती सगळं असंच शिकली होती, अंगाला अंग लावून. मग तिने श्वास थांबवला.

माझ्या हाताखाली तिची बरगडी हलेना. मी मनात आकडे मोजत होते, माझाच जीव घाबरा झाला. शेवटी तिचा श्वास सुटला, धापा टाकत ती उठून बसली आणि तिने दोन्ही तळवे बाईंच्या छातीवर ठेवले. कितीतरी वेळ ठेवले. तिथे काही उठलं नाही. तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. मुलगा बाहेरच्यांना म्हणाला, उशीर होतोय, घ्या आता. त्याला म्हातारी मावशीच म्हणाली, "थांब रं जरा. पोरीला येळ दे."

रविवारी मी मुद्दाम न्हावऱ्याला गेले. ओट्यावर कुणी नव्हतं. बापू दारातच उभे होते, म्हणाले, "सकाळधरनं एकदा बी ओट्याकडं आली न्हाई. दर ऐतवारी उजाडल्यापासनं बसायची. उमजलंय तिला, पोरी. तिला सगळं उमजतंय."

राणी गोठ्यात होती. बादलीत पडणाऱ्या दुधाच्या धारेचा आवाज येत होता. मला वाटलं होतं की बापूंच्या तोंडून हे ऐकलं की मला रडू येईल, पण आला तो रागच. हे एक वाक्य बाईंच्या कानावर पडायला हवं होतं, आणि मी बापूंना तसं तोंडावर सांगितलं.